माढ्याचा श्रोता

जगातला पहिला पॉडकास्ट कुणी केला याबद्दल जाणकारांत मतभेद असतील. सोलापूरपुरते ते असण्याचं कारण नाही. इथला पहिला पॉडकास्ट माझ्या बायकोच्या मामांनी केला. तो स्वयंपाकघरात सुरू झाला, पुढच्या खोलीतून गेला आणि अंगणातल्या पाण्याच्या टाकीपाशी संपला. बावीस मिनिटांत अशा एकोणीस फेऱ्या झाल्या, आणि दर फेरीत मधलं एक वाक्य तेवढं स्पष्ट ऐकू आलं. ते एकोणीस वेळा एकच होतं. बाकीचं ऐकू येऊ नये अशीच मामांची इच्छा होती. हे असं का, ते कळायला आधी मामांचा धंदा सांगायला हवा आणि मग माझा मूर्खपणा. धंदा आधी सांगतो, तो थोडक्यात आटोपतो.

मामा रिक्षातून पुकारा करायचे. रिक्षाच्या टपावर दोन कर्णे, एक पुढे तोंड केलेला आणि एक मागे, पायाशी बॅटरी, आणि मागच्या सीटवर हातात माइक घेतलेले मामा. नवा सिनेमा लागला, साड्यांचा सेल आला, कुणी पिठाची गिरणी काढली, की मामा निघत. चाळीस वर्षांत स्वतःच्या मनचं असं एक वाक्य त्यांनी माइकवरून उच्चारलं नव्हतं. पण दुसऱ्याचं वाक्य ते अशा थाटात म्हणत, की ते ऐकून गिरणीवाल्यालाही आपण काहीतरी मोठं काम काढलंय असं वाटू लागे. त्यांचं एक शास्त्र होतं. "जावईबापू," ते मला सांगत, "माणूस काय आपल्यासाठी दारात खुर्ची टाकून बसलेलं नसतंय. ते भाकरी थापत असतंय, दाढी करत असतंय. रिक्षा त्याच्या घरावरनं जायाला आठ सेकंदं लागत्यात. त्या आठ सेकंदांत बसतंय तेवढं खरं. बाकी सगळं पेट्रोल." म्हणून त्यांचं प्रत्येक वाक्य आठ सेकंदांचं असे आणि दर घरापुढे ते नव्यानं म्हटलं जाई. गल्लीप्रमाणे भाषाही बदले. चौकापर्यंत मराठी, पूर्व भागात विणकरांच्या वस्तीत रिक्षा वळली की तेलुगू, आणि उरलेल्या पेट्रोलात थोडं कन्नड.

पण मामांचा आवाज गावाच्या हाडात मुरला तो पाण्यामुळे. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशीही ते आपला विचार बदलू शकतं. 'उद्याचं पाणी परवा' हे गल्लोगल्ली सांगायचं काम बरीच वर्षं मामांकडे होतं. त्याचा परिणाम असा, की माझ्या लग्नात आभार मानायला मामा माइकपाशी गेले आणि 'मंडळी, नमस्कार' एवढंच म्हणाले, तर बायकांच्या पंगतीतल्या निम्म्याजणी ताट सोडून घागरी भरायला उठल्या. आणि जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की हरवलेल्या पोरांच्या मांडवात माइकवर मामाच. 'अंगात निळा सदरा, पायात एकच चप्पल, नाव विचारल्यास रडतो, ओळखीच्यांनी घेऊन जावे' असं ते म्हणाले की ज्यांची पोरं हरवली नव्हती तेसुद्धा एकदा आपली पोरं मोजून घेत.

मग चौकाचौकात फ्लेक्स लागले, सेलची बातमी लोकांच्या मोबाइलवर येऊ लागली आणि रिक्षाचं काम हळूहळू थांबलं. मामांनी रिक्षा देऊन टाकली. कर्णे मात्र पुढच्या खोलीच्या भिंतीवर टांगले. माझी बायको लहानपणापासून मामांकडेच वाढलेली, त्यामुळे सासुरवाडी म्हणून माझ्या वाट्याला जे आलं ते म्हणजे मामा, मामी आणि ते दोन कर्णे. पाहुण्याला त्यांच्याखाली वाकूनच बसावं लागे. मामींचं म्हणणं, हे चांगलंय, पाहुणे जास्त वेळ थांबत नाहीत.

आता माझा मूर्खपणा. मी तेव्हा सात रस्त्याजवळ नेट कॅफे चालवत होतो. पाच संगणक, त्यातले तीन चालू, आणि त्या तिनांपैकी एकाला चालू करायला बाजूनं थोपटावं लागे. नेटवर व्हिडिओ दिसतात ही बातमी नुकतीच गावात पोचली होती. तीन मिनिटांचा व्हिडिओ बघायला वीस मिनिटं लागत, आणि मधे तो थांबला की गिऱ्हाईक शांतपणे बाहेर जाऊन चहा पिऊन येई. त्या वर्षी अधिक महिना आला आणि मामींनी मला धोंड्याचं जेवायला बोलावलं. पाट, रांगोळी, ताटाभोवती महिरप, समोर मामा हात जोडून. अशा वेळी माणसाला आपण विद्वान आहोत असं वाटू लागतं. त्याच आठवड्यात मी एका संगणकाच्या मासिकात पॉडकास्टवरचा लेख अर्धा वाचला होता. अर्धाच, कारण उरलेलं पान कुणीतरी भेळ बांधायला फाडून नेलं होतं.

"मामा," मी म्हणालो, "आता कुणालाही घरबसल्या स्वतःचं रेडिओ स्टेशन काढता येतं. परवानगी नको, मनोरा नको. जगात कुठेही ऐकू येतं."

मामांचा वाढता हात थांबला. "कुटंबी?"

"कुठेही."

"काय म्हंत्यात त्याला?"

"पॉडकास्ट."

"पाडकष्ट," मामा म्हणाले. मी दुरुस्त केलं. "तेच की, पाडकष्ट. नावातच कष्ट हाय म्हंजे काम इमानदारीचं दिसतंय."

आतून मामींचा आवाज आला. "चाळीस वरसं गावाला सांगून झालं, आता जगाला सांगणार व्हय? ऐकणार कोण?"

"ऐकंल की कोणतरी."

"कोण ते दावा मला. घरचं माणूस चालणार न्हाई. बाहेरचं एक, फकस्त एक माणूस दावा संक्रांतीपत्तूर. न्हाईतर ते कर्णे भंगारात आन् त्या भिंतीला माझं कपाट."

मामा ताठ झाले. "एक माणूस. घरचं नसलेलं. त्यानं आपणहून ऐकलं पायजे. तेवढं न्हाई झालं तर मी परत माइक हातात घेणार न्हाई." आणि माझ्या पानावर दोन धोंडे जास्तीचे वाढून म्हणाले, "जावईबापू, उद्यापास्नं लागायचं."

मी ते धोंडे खाल्ले. तिथेच मी फसलो.

व्यवस्था अशी ठरली. मामांनी घरी टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरायची, सायकलवरून कॅफेत आणायची, आणि मी वायर लावून ती संगणकात उतरवून नेटवर चढवायची. पहिली कॅसेट लावली तेव्हा मला वाटलं माझी वायरच बिघडली. आवाज लांबून येई, वाढत वाढत कानठळ्या बसवी आणि पुन्हा विरून जाई. मी वायर बदलली, संगणक थोपटला. मामा शेजारी प्रसन्न बसले होते. "बरोबर चाललंय," ते म्हणाले. "रिक्षा आली, रिक्षा गेली." टेपरेकॉर्डर पुढच्या खोलीत स्टुलावर ठेवून ते स्वयंपाकघरातून बोलत निघायचे, स्टुलापुढून जायचे आणि अंगणात उतरायचे. उंबरा ओलांडला की तेलुगू. मी म्हणालो, मामा, ऐकणारा आता एका जागी बसून ऐकतो. मामांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "एका जागी बसून दुसऱ्याचं ऐकणारं माणूस तुमी बघितलंय का कदी?" मी नवरा होतो, मी गुमान वायर पुन्हा जोडायला लागलो.

विषय मात्र आता त्यांचे स्वतःचे होते. चाळीस वर्षं साठलेलं सगळं बाहेर येऊ लागलं. सोलापुरी चादरीची घडी घालताना तिच्यावरच्या वाघाचं तोंड वर का ठेवावं, कडक भाकरी प्रवासात कुणापासून लपवावी, हरवलेलं पोर रडत असेल तर त्याला आधी काय विचारावं (नाव नाही, 'भूक लागली का' असं), कुठल्या गल्लीतली कुत्री कर्ण्याच्या सुरात सूर मिसळत. आठ-आठ सेकंदांच्या तुकड्यांत, येता-जाता. मी वैतागून ऐकायला लागलो आणि कधी खुर्ची पुढे ओढून घेतली ते मला कळलं नाही. अर्थात हे मी मामांना सांगितलं नाही. जावयानं मामेसासऱ्याचं कौतुक करायचं नसतं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

आवाजानंतर व्हिडिओ आला, कारण माझ्याकडे एक वेबकॅम होता आणि तो आहे हे सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. चाळीस वर्षं रिक्षातून बाहेर बघत बोललेले मामा कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलूच शकत नसत. बोलायला सुरुवात केली की मान आपोआप डावीकडे वळे, जणू घरं मागे चाललीत. त्यामुळे मामांच्या सगळ्या व्हिडिओंत मामांचा उजवा कान आहे. अतिशय बोलका कान. व्हिडिओ चढायला अख्खी दुपार लागे. भारनियमनाची वेळ टाळून, उदबत्ती लावून आम्ही बसायचो, आणि हिरवी पट्टी शेवटाला आली की नेमकी वीज जायची. मामा एकदाही चिडले नाहीत. "नळासारकंच हाय की," म्हणायचे, "येतंय, जातंय."

मोठा घोळ झाला तो माझ्या एका शब्दानं. मी सहज म्हणालो, "मामा, व्हिडिओला नाव असं द्या की लोकांना सापडेल." सापडेल! मामांचे डोळे चमकले. तिथे लाखो व्हिडिओंची गर्दी आहे आणि त्यातून हवा तो शोधायला एक खिडकी आहे, एवढं ऐकल्यावर ती काय आहे हे त्यांना लगेच समजलं. ती जत्रा होती आणि हा हरवल्यांचा मांडव. त्यांनी नाव सांगायला सुरुवात केली आणि मी टाइप करत गेलो: 'वय तीन मिनिटे. रंग सावळा. अंगात पांढरा सदरा. बोलतो स्पष्ट. सोलापूरचे नाव सांगतो. ओळखीच्यांनी घेऊन जावे.' चादरीच्या घडीच्या व्हिडिओला हे नाव. भाकरीच्या व्हिडिओलाही हेच, फक्त वय चार मिनिटे. चादर किंवा भाकरी हा शब्द कुठेच नाही. "ते आत कळतंय की," मामा म्हणाले. "पोराच्या पाटीवर बापाचा धंदा लिवत न्हाईत."

मग शोधायला बसलो. "हे सापडवणारं बसतंय कुटं?" मामांनी विचारलं.

"अमेरिकेत."

"मग जरा हळू टाइप करा. त्याला मराठी नवी असंल."

हळू टाइप केलं. आमच्याऐवजी एका परदेशी कुत्र्याला अंघोळ घालण्याचा व्हिडिओ आला. मामांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि "पाणी लई वापरतंय" एवढंच म्हणाले.

किती जणांनी पाहिलं हा आकडा व्हिडिओखाली दिसे. मामा दर रविवारी तो वहीत लिहून घेत आणि मग घरच्यांची उलटतपासणी करत. तू किती वेळा पाहिलंस, तुम्ही किती वेळा, आणि सगळे वजा करत. उरलेलं बाहेरचं माणूस. बाकी नेहमी शून्य यायची. एकदा तर उणे तीन आली, कारण मामांना बरं वाटावं म्हणून माझ्या बायकोनं न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगितलं होतं. दिवाळी झाली. कार्तिक संपला. मामींनी सुताराला बोलावून भिंतीचं माप घेतलं. मामा त्या आठवड्यात कॅसेट घेऊन आलेच नाहीत. मी दोनदा रस्त्यावर जाऊन सायकल येते का पाहून आलो.

त्याच दुपारी मी आयुष्यातला तो उद्योग केला. तीन नंबरच्या संगणकावर बसून एक खोटं नाव घेतलं आणि मामांच्या भाकरीच्या व्हिडिओखाली लिहिलं: 'कार्यक्रम आवडला. मन लावून ऐकला. एक श्रोता, माढा.' माढाच का? तिथे आमचं कुणी नाही म्हणून.

रविवारी आकडा लिहून घ्यायला आले तेव्हा मामांनी ती ओळ स्क्रीनला नाक लावून वाचली. मग चष्मा काढून पुसून पुन्हा वाचली. मग मला दूर करून स्वतःच वहीत उतरवून घेतली, आणि सायकल कॅफेतच विसरून चालत घरी गेले. मामींनी सुताराला पुढच्या महिन्यात या म्हणून निरोप धाडला. बारशाला नसतात इतके पेढे गल्लीत वाटले गेले. मला वाटलं, चला, एक पुण्याचं काम झालं, विषय संपला.

विषय सुरू झाला होता. मामांचा सगळा कार्यक्रम आता माढ्यासाठी होऊ लागला. 'माढ्याच्या पाव्हण्यांना नमस्कार' अशी सुरुवात, आणि शेवटी एक प्रश्न. प्रश्न आला म्हणजे उत्तर हवं. उत्तर कोण देणार? 'तुमच्याकडं पाणी किती दिवसांनी येतं?' मामांनी विचारलं. मला काय ठाऊक? मी घाईत लिहिलं, 'रोज येतं.' घरात खळबळ उडाली. "रोज?" मामी कमरेवर हात ठेवून उभ्या. "मग चला की माढ्याला ऱ्हायला. हितं चौथ्या दिवशी पिंपं भरून माझी कंबर मोडली." मामींनी तो हट्ट आठवडाभर सोडला नाही.

त्याहून वाईट म्हणजे हा श्रोता माझ्याहून चांगला माणूस निघाला. मामा उठता-बसता मला त्याचा दाखला देऊ लागले. "माढ्याचं माणूस बघा, किती शांत ऐकतंय. तुमी सारकं मधी बोलता." "माढ्याच्यांचं अक्षर कसं सुरेख असंल न्हाई?" टाइप केलेल्या ओळींवरून! मी माझ्याच सोंगाचा मत्सर करू लागलो. आणि एक दिवस, मामांनी माझ्यासमोर त्याला 'लेकासारका' म्हटल्यावर, मी त्याच्याच तोंडून माझा राग काढला. लिहिलं, 'आवाज लांब-जवळ होतो. कृपया एका जागी बसून बोलावे.'

माझं सहा महिने न ऐकलेले मामा दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसले. स्टूल समोर, हात मांडीवर, एका सुरात, बावीस मिनिटं. मी कॅसेट लावली. प्रत्येक शब्द स्पष्ट होता आणि मामा कुठेच नव्हते. सरकारी कचेरीत नोटीस वाचून दाखवावी तसं सगळं. पुढची कॅसेट तशीच. त्याच्या पुढची तशीच. मामांनाही ते जाणवत होतं. "मला पयल्यासारकं बोलाय येईना, जावईबापू," ते एकदा हळूच म्हणाले. "पाय हालल्याबिगर तोंड हालत न्हाई माजं. पण पाव्हण्याचा शब्द मोडायचा कसा? एकदा जाऊनच येतो म्हंतो. समोरासमोर बगितलं म्हंजे बरं पडंल."

आणि त्यांनी पुकारा केला. 'माढ्याच्या पाव्हण्यांना कळविण्यात येते की, येत्या गुरुवारी सकाळी माढा स्टँडवर, वय चौसष्ट, रंग सावळा, अंगात पांढरा सदरा, हातात चादर, नाव विचारल्यास सांगतो. ओळखीच्यांनी घेऊन जावे.'

मी घाबरून लिहिलं, 'गुरुवारी मी परगावी आहे.' मामा म्हणाले, मग शुक्रवारी. मी लिहिलं, 'मी आजारी आहे.' वाटलं, आता सुटलो. मामांनी ते वाचलं आणि खुंटीवरची पिशवी काढली. "आजारी माणसाला तर भेटायलाच पायजे की. उद्याच जाऊ. लिवा त्यास्नी, सकाळी नऊला स्टँडवर कुणाला तरी धाडा म्हणून." मामींनी शेंगाची चटणी, बारा कडक भाकऱ्या आणि सुंठ बांधून दिली. आणि मी सोबत निघालो. दुसरं करणार काय?

माढ्याच्या स्टँडवर आम्ही नऊला उतरलो. मामा चौकशीच्या खिडकीजवळ उभे राहिले, सर्वांना दिसेल असे. सदरा इस्त्रीचा, दोन्ही हातांवर घडी घातलेली चादर, वाघाचं तोंड वर. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे ते बघून अर्धं हसत. तो पुढे गेला की ते हसू तसंच पुढच्यासाठी ठेवून देत. एकानं थांबून चादर चाचपली. मामांचा चेहरा उजळला. "केवढ्याला?" त्यानं विचारलं.

"इकायची न्हाई," मामा म्हणाले. "द्यायची हाय."

"मग द्या की."

"तुमी माढ्याचे का?"

"न्हाई, मी कुर्डुवाडीचा," म्हणून तो गेला.

दहा वाजले. साडेदहा झाले. मी म्हणालो, मामा, बसा जरा. "बसलो तर दिसणार कसं?" ते म्हणाले. अकराची गाडी रिकामी झाली, शेवटचा माणूस उतरून निघून गेला आणि मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "लईच आजारी असंल का हो ते?"

त्या प्रश्नापुढे माझं काही चाललं नाही. "मामा," मी म्हणालो, "तो श्रोता मीच आहे."

चौकशीवाल्यानं खिडकीतून एक गाडी पुकारली. मामांनी सवयीनं तिकडे कान दिला आणि पुन्हा माझ्याकडे वळले.

"पाणी रोज येतंय म्हनलं, ते?"

"मीच."

"आजारी?"

"मी ठणठणीत आहे."

"आन् एका जागी बसून बोलावं, ते?"

"तेही मीच."

"महिनाभर खुर्चीत बसलो की वो मी!" मामा इतक्या जोरानं ओरडले की स्टँडवरचे चारजण आपल्या सामानाकडे बघू लागले. मग आवाज उतरला. "म्हंजे कोण न्हवतंच. कर्णे काडायचे." त्यांनी चादर छातीशी धरली. आणि मग, जरा थांबून, वेगळ्याच सुरात विचारलं, "तुमी लिवायसाटी नुसतं वरवर ऐकत असणार."

"नाही. सगळे ऐकले. सत्तेचाळीस."

"शेवटपत्तूर?"

"काही दोनदा."

मामांनी डोळे बारीक केले. गड्ड्याच्या मांडवात 'पोर माझंच' म्हणत येणारे पुष्कळ असतात. खूण सांगितल्याशिवाय पोर हातात द्यायचं नाही, हा मामांचा चाळीस वर्षांचा नियम. "खूण सांगा," ते म्हणाले. "सतराव्यात काय हाय?"

"मधेच मांजर येतं. तुम्ही त्याला तेलुगूत हाकलता."

"एकतिसाव्यात?"

"भूक लागली का विचारल्यावर रडायचं थांबलेली मुलगी. तिथे तुम्ही स्टुलाशी थांबलात. सगळ्या कार्यक्रमांत तेवढे एकदाच थांबलात."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "पण त्याचा काय उपयोग, मामा," मी म्हणालो. "तुम्हाला घरचं नसलेलं माणूस हवं होतं. मी घरचाच की."

"कोण म्हनलं?" मामा ताडकन बोलले. "जावई घरचं कुटं असतंय? जावई म्हंजे पाव्हणं! सा वरसं झाली तुमच्या लग्नाला, तुमाला वाडल्याबिगर आमी कदी जेवलो का? धोंड्याला घरच्या माणसाला बलवत असत्यात व्हय?" आणि हे बोलता बोलता त्यांच्याच लक्षात येत गेलं की आपण काय म्हणतो आहोत. चेहरा हळूहळू पसरला. "बाहेरचं माणूस! आपणहून ऐकलेलं! खूण पटलेली!"

सहा वर्षं मी त्या घरात पिंपं भरली होती, मामींची गॅसची टाकी खांद्यावरून आणली होती, कर्ण्यांखाली वाकून वाकून मला पाठदुखी जडली होती. एवढं करून मी घरचा झालो असं मला वाटत होतं. माढ्याच्या स्टँडवर, सगळ्यांदेखत, मला एका वाक्यात परकं करण्यात आलं. इतका मान मला कुणी कधी दिला नाही. मामांनी चादर माझ्या हातांवर ठेवली, वाघाचं तोंड वर आहे ना हे बघून घेतलं, आणि रीतीप्रमाणे हात जोडले. मग बाकावर बसून आम्ही आजाऱ्याच्या भाकऱ्या चटणीशी खाल्ल्या. सुंठ शिल्लक राहिली.

मामींनी निकाल मानला. "जावई पाव्हणा, हे खरंच की," म्हणाल्या. कपाट स्वयंपाकघरात गेलं. मामा त्यानंतर पुष्कळ वर्षं बोलले, स्वयंपाकघरापासून टाकीपर्यंत. पुढे ज्याच्या-त्याच्या हातात कॅमेरा आला, माझं कॅफे बंद पडलं. आता मामा नाहीत. पण त्यांची आठवण निघाली की मला माढ्याहून परत येणारी ती दुपारची गाडी आठवते.

मामा खिडकीशी होते, चादर माझ्या मांडीवर. गाडी सुटली तसे ते म्हणाले, "आता सांगा."

"काय सांगू?"

"काय आवडलं ते. चाळीस वरसं मी सांगायचो आन् रिक्षा पुढं जायाची. मागं कोण काय म्हनलं ते मला कदी ऐकायला मिळालं न्हाई. तुमी सांगा निवांत. मी गप ऱ्हातो."

मी सांगू लागलो. आधी अडखळत, मग कुत्र्यांच्या सुराचं, मग त्या मुलीचं, मग दोनदा का ऐकलं तेही. मामा सीटवर माझ्याकडे वळून बसले, हात मांडीवर ठेवून. मोहोळ आलं, गेलं. कंडक्टर तिकीट बघून गेला. मामा एकदाही मधे बोलले नाहीत, एकदा फक्त चष्मा पुसला. मला अजून पुष्कळ सांगायचं होतं; निम्मंही झालं नव्हतं, आणि सोलापूरच्या वेशीवरचं बाळे आलं.